वसईच्या जेट्टीपर्यंत

दिशाला घरातून न्यायचं नाही, एवढी एकच अट प्रेमाने घातली होती. बाकी सगळं तिने मान्य केलं होतं.

"दारातून नेलीत तर ती चौकट धरून बसेल," ती दिराला, हर्षदला, म्हणाली होती. "आणि मग मीही धरून बसेन. त्यापेक्षा सगळे मिळून कुठेतरी जाऊया. दिवसभर फिरूया, खाऊया. संध्याकाळी ती तिथूनच तुमच्या गाडीत बसेल आणि आम्ही आमच्या वाटेने येऊ."

हर्षदला ते पटलं. कुठे जायचं हेही प्रेमानेच ठरवलं. दिवाळीत बिल्डिंगमधल्या पोरांबरोबर मातीचा किल्ला करताना दिशाने विचारलं होतं, "आई, खऱ्या किल्ल्यात आत जाता येतं?" तेव्हापासून तो विषय राहूनच गेला होता. मग घोडबंदरचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप, आगाशीला जेवण आणि शेवटी वसईचा किल्ला असा बेत ठरला. वसईहून भाईंदरला गाड्या-माणसं नेणारी बोट सुटते. बोरिवलीला परतायला प्रेमा आणि तिच्या नवऱ्याला, बाळाला, ती सोयीची होती. हर्षदची गाडी हायवेने मुलुंडला जाणार होती.

बाळा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. प्रेमा बोरिवली पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांत ब्लाउज शिवायची. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दिशा ही बाळाच्या धाकट्या भावाची, हर्षदची मुलगी. ती चार महिन्यांची असताना एका दुपारी तिच्या आईचा, अनुपमाचा, फोन आला होता.

"वहिनी, या आणि हिला घेऊन जा."

"काय झालं गं? ताप आलाय?"

"तिला काही नाही झालेलं. मला झालंय. आंघोळ घालताना माझ्या मनात भलतंच काहीतरी येतं. प्लीज, आत्ता या."

प्रेमा गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून रिक्षात बसली होती. अनुपमाने दिशाला दुपट्यात गुंडाळून दाराबाहेर, जिन्यापाशी आणून ठेवलं होतं आणि स्वतः दाराला आतून कडी लावून बसली होती. पुढे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, अनुपमा वर्षभर माहेरी राहिली. हर्षदला मस्कतला नोकरी लागली, बरी झाल्यावर तीही तिकडे गेली. दर डिसेंबरला दोघं यायची, खेळणी आणायची. दिशा प्रेमाला आई म्हणायची, बाळाला बाबा आणि अनुपमाला मम्मी. तिला त्यात काही अडचण दिसत नव्हती.

आता ती दोघं कायमची परत आली होती. मुलुंडला घर घेतलं होतं. जूनमध्ये दिशा दुसरीत जाणार होती, तिकडच्या शाळेत. अनुपमा खरंच बरी झाली होती. तिच्याबद्दल वाईट बोलावं असं काही प्रेमाला शोधूनही सापडत नव्हतं.

दिशाला सांगून झालं होतं. तिने विचारलं होतं, "किती दिवस?"

"शाळा आहे तेवढे दिवस," प्रेमा म्हणाली होती.

दिशाने मान डोलावली होती. शाळेला रविवारी सुट्टी असते, हे तिला ठाऊक होतं.

मेचा शेवटचा रविवार होता. साडेसातला हर्षदची गाडी खाली आली, तेव्हा दिशा नारिंगी फ्रॉक घालून केव्हाची तयार होती. कपड्यांची बॅग आदल्या आठवड्यातच मुलुंडला गेली होती. आज तिच्याजवळ फक्त टोपी होती.

घोडबंदरला ऊन अजून कोवळं होतं. किल्ला छोटासाच, खाडीकडे तोंड करून उभा. दिशा पायऱ्यांवरून सुसाट वर गेली, बुरुजावरून खाली बघून ओरडली, "बाबा, इथून शत्रू दिसणार!" बाळा खालून म्हणाला, "माका तर नुसती खाडी दिसता." ती खिदळली. दमून खाली आली आणि म्हणाली, "आई, पाणी."

बाटली प्रेमाच्या पिशवीत होती. हात पिशवीत गेलाही. पण तिने ती बाटली पाठीमागून अनुपमाच्या हातात सरकवली आणि म्हणाली, "मम्मीकडे आहे बघ."

दिशाने मम्मीकडून पाणी घेतलं. अनुपमाने झाकण उघडून दिलं, हनुवटीवरून ओघळलेलं पाणी ओढणीने टिपलं. सगळं नीट झालं. प्रेमाने पिशवीची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

हायवेला लागल्यावर मागच्या सीटवर दोन बायका आणि मध्ये दिशा. नवी गाडी, एसी, काचा बंद. खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे दिशा एकदम गप्प झाली. प्रेमाला ते गप्प होणं माहीत होतं. "गाडी बाजूला घे," असं ती म्हणेपर्यंत उशीर झाला होता आणि तिची ओंजळ आपोआप दिशाच्या तोंडापुढे गेली होती. सकाळचं दूध आणि बिस्किटं ओंजळीत आली. थोडं अनुपमाच्या कुर्त्यावर उडालं. अनुपमा दचकून दाराकडे सरकली. क्षणभरच. मग तिने स्वतःलाच ओढून पुढे आणल्यासारखं केलं आणि दिशाच्या पाठीवर हात ठेवला.

रस्त्याच्या कडेला हात धुताना ती प्रेमाला हळूच म्हणाली, "तुम्हाला घाण नाही वाटत?"

"वाटायची. पहिले दोन महिने."

"मला वाटली आत्ता. तुम्ही बघितलंत ना?"

"बघितलं. मग पुढे आलीस तेही बघितलं."

अनुपमा कुर्ता पाण्याने चोळत राहिली. प्रेमाच्या मनात आलं, आपण हे कशाला बोललो? कुणी सांगितलं होतं धीर द्यायला?

सोपाऱ्याला स्तूपाच्या आवारात झाडी होती, सावली होती, माणसं फारशी नव्हती. विटांचा तो मोठा गोल उंचवटा बघून दिशा जरा निराश झाली. "हा किल्ला नाही," ती म्हणाली. हर्षदने तिला सांगितलं की इथे फार जुन्या काळी मोठं बंदर होतं, लांबलांबून जहाजं यायची. "मग समुद्र कुठे गेला?" तिने विचारलं. बाप-लेक आणि बाळा समुद्र कुठे गेला असेल ते शोधत आवाराच्या टोकापर्यंत गेले.

दोघी जावा झाडाखाली बसल्या. अनुपमाने मोबाइल काढला. "वहिनी, मी लिहून घेते. तुम्ही सांगत जा."

प्रेमा सांगत गेली. वांगं खात नाही, पण भरीत केलं आणि वांगं म्हटलं नाही तर खाते. ताप आला की आधी तळवे गरम होतात, कपाळ नंतर. डाव्या कानात पाणी गेलं तर दुखतं. शाळेत कुणी मारलं तर घरी सांगत नाही, वहीच्या मागच्या पानावर त्याचं नाव लिहून खोडते, तेव्हा वही बघायची. केस विंचरताना गोष्ट लागते, कुठलीही, पण मध्येच बदललेली चालत नाही.

अनुपमाची बोटं भराभर चालत होती. "आणि झोपताना?"

"झोपताना कान धरते."

"स्वतःचा?"

"नाही. माझा."

अनुपमाची बोटं थांबली. तेवढं तिने लिहिलं नाही.

"माझा धरेल का हो?" तिने विचारलं.

प्रेमाला हो म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "चल, ऊन वाढतंय."

आगाशीला एका घरगुती खाणावळीत जेवले. बोंबील, भात, सोलकढी. हर्षद उगाचच खूप बोलत होता. मुलुंडच्या बिल्डिंगमधला झोपाळा, सायकल, शाळेचं मैदान. दिशा ऐकत होती आणि भाताचे छोटे गोळे करत होती. एक गोळा तिने सवयीने प्रेमाच्या ताटात ठेवला. जेवून झाल्यावर बाळाने बाजारात सुकेळ्यांची दोन पुडकी घेतली, पिवळ्या, चिकट सुकवलेल्या केळ्यांची. एक अनुपमाला दिलं, एक प्रेमाच्या पिशवीत टाकलं. दोन पुडकी वेगवेगळी घेतलेली बघून प्रेमाने मान फिरवली.

वसईच्या किल्ल्यात पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. आत रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि झाडांमधून उभ्या असलेल्या छप्पर नसलेल्या भिंती. दिशाचे डोळे मोठे झाले. "आई, हा खरा!" ती पळत सुटली. बाळा आणि हर्षद जेट्टीवर बोटीची वेळ विचारायला गेले. दोघी बायका आणि दिशा एका पडक्या चर्चमध्ये शिरल्या. उंच कमानी, जमिनीत वाकड्यातिकड्या वाढलेल्या पिंपळाच्या मुळ्या, वर नुसतं आभाळ.

"लपाछपी!" दिशा म्हणाली. "मम्मीवर राज्य!"

अनुपमाने भिंतीकडे तोंड करून पन्नासपर्यंत आकडे म्हटले. प्रेमा एका दगडावर बसून राहिली. पाय दुखत होते. दिशा कुठल्या बाजूला गेली ते तिने मुद्दाम पाहिलं नाही.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. अनुपमा कमानीमागून, खोल्यांमधून, झुडपांमागून हाका मारत फिरत होती. सुरुवातीला हसत, मग न हसता. मागच्या बाजूला एक जुनी विहीर होती, कठडा गुडघ्याएवढाच. अनुपमा तिच्यात वाकून बघून आली आणि तिथून परत येताना तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"वहिनी, ती नाहीये."

"असेल गं. लपायला पक्की आहे ती."

"नाहीये. मी सगळीकडे बघितलं. दहा मिनिटं माझ्यावर सोडली आणि मी—" ती तिथेच मातीत बसली, दोन्ही हात काखेत दाबून. ती मोठ्याने रडत नव्हती, फक्त दात वाजत होते. "माझ्याकडून नाही होणार. मी हर्षदला सांगत होते, मला भीती वाटते. तो म्हणतो, गोळ्या बंद झाल्या ना, मग कसली भीती. वहिनी, तुम्हीच ठेवा तिला. खरंच सांगते. ती सापडली की तुमच्याबरोबर बोटीतून घेऊन जा. मी हर्षदला समजावते."

प्रेमा उठून उभी राहिली होती. आणि उभी राहिल्यामुळेच तिला दिसलं. समोरच्या भिंतीत एक कोनाडा होता. पिंपळाचं मूळ त्याच्यावरून पडद्यासारखं उतरलं होतं आणि त्या मुळाच्या फटीतून नारिंगी कापडाचा वीतभर तुकडा बाहेर आला होता. अनुपमा त्याच्यापासून पंधरा पावलांवर होती.

गेले तीन महिने प्रेमा देवाकडे जे मागत होती, ते तिच्यासमोर मातीत बसून तिला मिळत होतं. कुणाला दुखवावं लागणार नव्हतं, भांडावं लागणार नव्हतं. फक्त हो म्हणायचं होतं. बोटीत आज तिघं असतील. दिशा कठड्याला धरून उभी राहील, बाळा तिला मागून धरेल. उद्या सकाळी डबा.

ती हो म्हणणार होती. पुढे कित्येक दिवस तिला हे आठवत राहिलं की ती हो म्हणणारच होती, शब्द गळ्यापर्यंत आला होता.

तेवढ्यात तो नारिंगी तुकडा आत ओढला गेला. अगदी हळू. दिशा ऐकत होती. मम्मी रडते आहे आणि दिशाला घेऊन जा म्हणते आहे, हे सगळं तिला ऐकू जात होतं. आपली मम्मी आपल्याला दुसऱ्यांदा देऊन टाकते आहे, हे त्या पोरीच्या डोक्यात एकदा बसलं की ते कुणालाही काढता येणार नव्हतं.

"उठ," प्रेमा म्हणाली. तिने अनुपमाला दंडाला धरून उभं केलं. आवाज मुद्दाम मोठा केला. "अगं, हरलीस म्हणून एवढं रडायचं? उठ. नीट हाक मार."

"वहिनी, मी—"

प्रेमा तिच्या कानाशी गेली. "ती जवळच आहे. ऐकतेय. आता काही भलतं बोलू नको. दरडावू नको. सांग तिला, मला तू सापडत नाहीयेस, मला मदत कर. तिला मदत करायला आवडतं."

अनुपमाने डोळे पुसले. "दिशू... मी हरले गं. मला नाही तू सापडत. मदत कर ना मला."

काहीच हललं नाही.

"परत," प्रेमा म्हणाली.

"दिशू, मला तू हवीयेस. कुठे आहेस?"

हे वाक्य प्रेमाने शिकवलं नव्हतं.

मुळामागून एक हात बाहेर आला. "इथे," दिशा म्हणाली. अनुपमा धावली. मुळं बाजूला करून, कोपर खरचटून घेत तिने दिशाला बाहेर काढलं आणि तिला घेऊनच मातीत बसली. दिशा तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. "मम्मी, मी लांब नव्हते गेले," ती म्हणाली. "इथेच होते. तू खरंखरं रडलीस?" आणि तिने आपल्या मळक्या तळहाताने अनुपमाचा गाल पुसला. गालावर माती लागली.

प्रेमा पाठ फिरवून भिंतीवरचं अर्धवट पुसलेलं नक्षीकाम बघत उभी राहिली. तिला त्यातलं काहीही कळत नव्हतं.

बोट सव्वापाचला होती. सगळे जेट्टीवर आले. कोळणी टोपल्या घेऊन बसल्या होत्या, दोन रिक्षा आणि एक टेम्पो बोटीत चढत होते. दिशा आता अनुपमाचा हात धरून चालत होती. पण बोट बघितल्यावर तिने तो सोडला.

"मला बोटीत बसायचंय!"

आणि प्रेमाच्या लक्षात आलं, सगळा दिवस एवढा विचार करून आखला आणि ही एवढी साधी गोष्ट आपल्याला सुचली नाही.

"पुढच्या वेळी," हर्षद म्हणाला. "आज आपल्याला गाडीने जायचंय ना, मुलुंडला."

"मग आई-बाबा?"

"ते बोटीने जाणार."

"दोघंच?" दिशाने प्रेमाकडे पाहिलं. "मग मी पण. मी उद्या जाईन मुलुंडला. आई, आज मी तुमच्याबरोबर येते, उद्या जाईन. उद्या नक्की."

"नाही गं सोन्या."

"मी झोपाळ्याचा हट्ट नाही करणार. वांगं पण खाईन." तिने प्रेमाच्या साडीचा पदर दोन्ही मुठींत पकडला. अनुपमा खाली बसून तिच्याशी बोलायला लागली, पण दिशा तिच्याकडे बघेना. बोटीवरच्या माणसाने शिट्टी मारली. दिशाचं रडणं वाढलं, हुंदक्यांचं ओरडणं झालं. टोपल्यांजवळच्या बायका वळून बघू लागल्या. अनुपमाने हात पुन्हा काखेत दाबलेले प्रेमाला दिसले. अजून दोन मिनिटं अशीच गेली असती तर अनुपमाने स्वतःच दिशाला उचलून बोटीत चढवलं असतं.

प्रेमाने दिशाच्या मुठी सोडवल्या. एकेक बोट सोडवावं लागलं.

"गाडीत बस म्हटलं ना!" ती ओरडली. "किती त्रास देशील? जा! जा मम्मीकडे!"

सात वर्षांत प्रेमाने तिच्यावर आवाज चढवला नव्हता. दिशाचं रडणं एकदम थांबलं. ती प्रेमाकडे बघत दोन पावलं मागे गेली, कुणीतरी अनोळखी माणूस बघावं तशी. मग वळली आणि अनुपमाच्या कुशीत शिरली. तोंड पार आत खुपसून. अनुपमाने तिला उचललं. दिशाने तिच्या गळ्यात हात टाकले.

हर्षदने बाळाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो वाकून प्रेमाच्या पाया पडला. अनुपमा दिशाला घेऊन गाडीत बसली. गाडी वळून झाडांमध्ये गेली. मागच्या काचेतून कुणी वळून बघितलं नाही.

बोटीत दोघं कठड्याजवळच्या बाकावर बसली. किनारा सुटला. बाळा म्हणाला, "इतक्या ओरडाक होया होता?"

"हो."

"पोर घाबरली गो."

"घाबरली म्हणून गेली तिच्याकडे." प्रेमा पाण्याकडे बघत होती. "माझी आठवण आली की आता तेवढंच आठवेल तिला. मी ओरडलेली."

बाळाने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, परत काढला. प्रेमाला त्याच्याकडे बघवेना. हा माणूस रोज कामावरून येताना दिशासाठी काही ना काही खिशात घालून आणायचा, याबद्दल आज दिवसभर कुणी एक शब्द काढला नव्हता. त्यानेही नाही.

भाईंदर आलं. फळी खाली टेकली. टेम्पो उतरला, रिक्षा उतरल्या, माणसं उतरली. प्रेमा उठली नाही.

"चल," बाळा म्हणाला.

ती बसून राहिली. "घरात जाऊन काय करू?" ती म्हणाली.

बोटीवरचा माणूस जवळ आला. "मावशी, उतरा. आता परत वसईला जाते बोट."

बाळाने प्रेमाकडे पाहिलं, मग त्या माणसाकडे. "वसईची दोन तिकिटं दे," तो म्हणाला.

बोट परत निघाली. सूर्य खाली आला होता, खाडीवर तांबूस उजेड होता, समोरून मासेमारीच्या होड्या येत होत्या. वसईला बोट लागली तेव्हा प्रेमा उठून कठड्याशी गेली. मघाशी जिथे गाडी उभी होती, तिथे आता एक कोळीण जाळं पसरून ठेवत होती. तिची दोन कुत्री बाजूला बसली होती. प्रेमाने झाडांकडे जाणारा रस्ता शेवटपर्यंत पाहिला.

"गेली," ती म्हणाली.

"हां. आतापर्यंत घोडबंदर रोडला लागली असतील."

"परत उलटी नसेल ना केली तिने?"

"अनुपमा बघील."

प्रेमाने मान हलवली आणि बाकावर येऊन बसली. नवी माणसं चढत होती. बाळा भाईंदरची तिकिटं काढायला गेला.